लॉरीचं सुकाणू

९ जानेवारी

भाऊजी,

फोन हाताशी असताना ही बाई कागद का खरडते आहे, असं तुम्ही जाऊबाईंना विचाराल. सांगते. फोनवर तुम्ही "हो वहिनी, बघतो वहिनी" म्हणता आणि ठेवून देता, आणि मग सहा महिने तुमचं बघणं चालू असतं. कागदाला तसं गुंडाळता येत नाही. तो टेबलावर पडून राहतो आणि येता-जाता डोळ्यांत खुपतो.

तर ऐका. बोटीचं सुकाणू गेलं. मागचं पातं नव्हे, ते ठणठणीत आहे. चाक आणि पातं यांच्या मधे जो लोखंडी डबा आहे, त्याच्या आतले दात झिजून सपाट झाले. चाक अर्धा फेरा फिरवलं तरी बोट आपली सरळच जाते, आणि मग एकदम आठवण झाल्यासारखी वळते. गेल्या आठवड्यात धक्क्याला लावताना शेजारच्या बोटीचा कठडा मोडला. नेमका बंदराचा तपासनीस तिथे उभा! त्याने जागच्या जागी कागद लिहून हातात ठेवला. सुकाणू दुरुस्त करून पंधरा मार्चच्या आत पाण्यात चालवून दाखवायचं, तोवर बंदराच्या तोंडाबाहेर जायचं नाही. नाही दाखवलं तर परवाना रद्द आणि बोट मोडीत. नवे परवाने देणं बंद झालंय, म्हणजे हा गेला की कायमचा गेला.

वर मला म्हणतो, "बाई, बोट एकतीस वर्षांची आहे. तिलाही विश्रांती द्या, तुम्हीही घ्या." मी म्हटलं, "साहेब, मी एकसष्ट वर्षांची आहे. मलाही मोडीत काढता का?" त्यावर तो खिशात पेन शोधायला लागला. पेन त्याच्या हातातच होतं.

तुमचे दादा जाऊन चार वर्षं झाली, पण ही बोट मी आणि लांब्याने एक दिवस बसू दिलेली नाही. (लांब्याला तुम्ही विसरला नसालच. आपला जुना खलाशी, उंची पाच फूट.) आता दोघं धक्क्यावर बसून फाटकी जाळी शिवतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची कीव सहन करतो. माझ्याच्याने हे फार दिवस होणार नाही.

तुम्ही जन्म लेथ मशिनवर काढलात, आणि तुमच्या शहरात सुट्या भागांचा एवढा मोठा बाजार आहे. डब्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, तो छाप सोबत आहे. भोकांची मापं लिहिली आहेत. तुमचे दादा सांगायचे, हा डबा एका परदेशी जहाजातून काढलेला, असा पुन्हा होणे नाही. तर जहाजवाल्यांकडे शोधा.

तुमची,
वहिनी


२१ जानेवारी

वहिनी,

कागद डोळ्यांत खुपला, म्हणून उठलो. चार दिवस बाजार पालथा घातला. बोटींचे भाग विकणारी सात दुकानं आहेत, सातही झाली. पहिल्या दुकानातल्या पोराने तुमचा छाप उलटा धरला आणि म्हणाला, "काका, हे काय आहे?" दुसऱ्याने सुलटा धरला आणि तेच विचारलं. एका म्हाताऱ्याने जहाजांच्या भागांची जाडजूड पुस्तकं काढली, माझ्यासाठी खुर्ची मागवली, दोघांनी मिळून तास दीड तास पानं उलटली. त्यात तुमच्या डब्याचा भाऊ नाही की चुलतभाऊ नाही. दादांचं ते परदेशी जहाज कुठल्या कंपनीचं होतं, देव जाणे.

आता सगळे तेलाच्या दाबावर चालणारं सुकाणू घ्या म्हणतात. एका बोटाने फिरतं. पण त्यासाठी मागची फळी कापावी लागेल, आणि मागवल्यावर यायला तीन महिने. पंधरा मार्च त्यात बसत नाही.

रागावणार नसाल तर एक बोलू? आमची वरची खोली रिकामी आहे. खिडकी मोठी आहे, पाण्याचा नळ आतच आहे. ही रोज विचारते, वहिनी कधी येणार. तुमचे चिरंजीवही परवा फोनवर म्हणाले, काका, आईला आता तुम्हीच समजवा. पोरगं तिकडे नोकरीत, जीव इकडे टांगलेला. आम्हाला सगळ्यांना तुमची काळजी वाटते, यात आमचं काही चुकतं का?

असो. डब्यावर नंबराची पट्टी असेल तर बघा. नंबराशिवाय माझं नुसतं चाचपडणं चालू आहे.

तुमचा,
भाऊजी


३० जानेवारी

भाऊजी,

रागावले. वरच्या खोलीत तुमची जुनी कपाटं ठेवा.

आता मुद्द्याचं. दोन दिवस केबिनमध्ये उताणी पडून डब्याचा रंग खरवडला. दरवर्षी तुमचे दादा रंग द्यायचे आणि आधीचा काढायचे नाहीत, त्यामुळे सत्तावीस वर्षांचे थर. वर हिरवा, खाली निळा, त्याखाली तो घाणेरडा तपकिरी, ज्यावरून आमचं भांडण झालं होतं. सगळ्यात खाली पितळी पट्टी सापडली. लांब्याने रॉकेलने पुसली. नंबर अर्धा दिसतो, तो उतरवून पाठवते. पण नंबराच्या वर काय आहे, माहीत आहे? एक चित्र. बारीक, पण स्वच्छ. चार चाकं आणि पुढे नाक असलेली लॉरी!

भाऊजी, हा डबा लॉरीचा आहे. माल वाहतात त्या लॉरीचा. परदेशी जहाज कसलं आणि काय! सत्तावीस वर्षं माणसाने लोणकढी थाप मारली, धक्क्यावरच्या प्रत्येकाला केबिनमध्ये नेऊन तो डबा दाखवला, लोक हात लावून बघायचे. मी स्वतः माझ्या माहेरच्यांना दाखवलाय. मी तिथे उताणी पडल्या पडल्या इतकी हसले की लांब्या घाबरून पाणी घेऊन आला. मग रडले. मग पुन्हा हसले. जिवंत असते तर त्यांची खैर नव्हती.

तेव्हा जहाजवाले सोडा आणि लॉऱ्या तोडणाऱ्यांकडे जा. तुमच्या घरामागेच तो बाजार आहे, मला आठवतंय. चव्वेचाळीस दिवस उरलेत.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. जरा अंथरुणाला खिळलो होतो.

लॉऱ्या तोडणाऱ्यांकडे जाऊन आलो. एका बाजूला नुसती बोनेटं, दुसऱ्या बाजूला नुसते दरवाजे, मधे ग्रीसचा चिखल. त्या नंबराची लॉरी बंद होऊन वीस वर्षं झाली म्हणे. जे डबे होते ते वितळवले. मी खूप विचारलं. वहिनी, कधी कधी वस्तू मिळत नाही ती आपल्या भल्यासाठीच, असंही असतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

शिवाय मिळून तरी काय होणार होतं? तो डबा म्हणजे साधं धूड आहे का? उचलताना माझी पाठ अशी धरली की दहा दिवस कुशीवर वळता आलं नाही. ही शेकून शेकून दमली. आपली वयं झाली, हे आता आपणच ओळखायला हवं.

परवान्याचं होईल ते होईल. चिरंजीव पंधरा मार्चनंतर रजा घेऊन तुम्हाला न्यायला येणार आहेत.

तुमचा,
भाऊजी


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

जो डबा मिळालाच नाही, तो उचलताना पाठ कशी धरली?

उत्तर उलट टपाली पाठवा.

वहिनी


१ मार्च

वहिनी,

मी थापा मारायला दादांकडून शिकायला हवं होतं. त्यांची एकतीस वर्षं टिकली, माझी चार दिवस.

डबा माझ्याकडे आहे. आठ फेब्रुवारीला मिळाला. तिसऱ्याच गाळ्यात, एका म्हाताऱ्या मेकॅनिकने तुमचा छाप नुसता बघितला आणि आत जाऊन ढिगातून ओढून आणला. नंबराचे दिसणारे आकडे तंतोतंत जुळतात. घरी आणताना पाठ गेली. आता तो पलंगाखाली आहे आणि ही रोज झाडताना त्याला झाडू आपटते.

पाठवला नाही, कारण पाठवायचा नव्हता. तुमच्या मुलाला मी सांगितलं, तोही म्हणाला, काका, नका पाठवू, तारीख जाऊ दे. दोष त्याला देऊ नका, मोठा मी आहे.

वहिनी, माझा एकच भाऊ होता. त्या बोटीवरून तो पाण्यात गेला आणि तिसऱ्या दिवशी हाती लागला. त्या बोटीवर मी थुंकत नाही, कारण ती त्याची होती, पण तिच्यात पुन्हा पाऊलही टाकलं नाही. तिचं सुकाणू तेव्हा धड असतं आणि चाकावर तो लांब्या नसता, तर दादा आज असते, असं मला वाटतं. ते मनातून जात नाही. आता त्याच बोटीत, त्याच लांब्याबरोबर तुम्ही. आणि तिला चालती करणारा भाग मी माझ्या हाताने पाठवायचा? शिव्या घाला, बोलणं टाका. नाही पाठवणार.

तुमचा अपराधी,
भाऊजी


४ मार्च

भाऊजी,

शिव्या लिहिल्या होत्या, दोन पानं. लांब्या म्हणाला, वाचून दाखवा, मी दाखवल्या, तो म्हणाला, फाडा. म्हणून हे दुसरं.

एक गोष्ट मी चार वर्षांत कुणाला सांगितली नाही. त्या दुपारी चाक लांब्याच्या हातात नव्हतं. माझ्या हातात होतं.

लांब्या मागे यांच्याबरोबर जाळं ओढत होता. वारा फिरला, दोर यांच्या पायाला अडकला आणि ते गेले. लांब्याने हाक मारली तेव्हा मी वळून बघितलं, तर मागे नुसतं पाणी. मी चाक पूर्ण फिरवलं. सुकाणू त्या दिवशी नवं असल्यासारखं होतं, भाऊजी. बोट सांगितलं तशी वळली, सांगितलं तितकी वळली. चार तास मी तिला गोल गोल फिरवलं, ती एकदाही चुकली नाही. मला ते दिसले नाहीत, एवढंच. किनाऱ्यावर आल्यावर लोकांनी विचारलं, चाकावर कोण होतं, आणि मी तोंड उघडायच्या आत लांब्या म्हणाला, "मी." मी त्याला बोलू दिलं. चार वर्षं तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसता, आणि मी बसू देते. याची मला लाज वाटते.

माझी चूक होती का? काही दिवस वाटतं, नव्हती. काही दिवस झोपच लागत नाही. पण बोटीची नव्हती, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन.

आणि तुम्ही दोघांनी मिळून काय ठरवलंत? आई घाबरली नाही, तर आपण घाबरायचं, आणि आपल्या भीतीपायी तिला खुर्चीत बसवायचं. घाबरत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? रोज धक्का सोडताना घाबरते. तरी सोडते. त्या पाण्याने माझा माणूस नेला. आता बोटही मी आपल्या हाताने त्याच्या घशात घालू? आणि तेही भंगारवाल्यामार्फत? नाही घालणार. मी सासरी आले तेव्हा मला पोहताही येत नव्हतं. आज या बंदरात माझ्याइतकी नीट बोट धक्क्याला लावणारे दोन जण सापडणार नाहीत. (तो कठडा मोडला तेव्हा डबा गेला होता, ते धरू नका.) हे मी मिळवलंय. कुणी काळजीपोटी ते काढून घ्यायला आलं, तर त्याला मी चोरच म्हणणार, मग तो दीर असो की पोटचा पोरगा.

अकरा मार्चपर्यंत डबा धक्क्यावर हवा. नाही आला तर बारा तारखेला मी तुमच्या दारात उभी, आणि पलंगाखालून तो मी स्वतः ओढून काढीन. माझी पाठ धरत नाही.

वहिनी


७ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचताना दोनदा उठून पाणी प्यायलो. मग हिला वाचून दाखवलं. ही पलंगाखाली वाकली आणि म्हणाली, "दुसरी बाजू धरा."

डबा आज सकाळी निघाला. लॉरीनेच निघाला, आता काय बोलायचं. पाठवण्याआधी उघडून धुतला, आतली बेअरिंग नवी घातली, एक बुश (दांडीवर बसणारं कडं) मापाचा नव्हता तो ओळखीच्या कारखान्यात लेथवर उभं राहून स्वतः करून घातला. चार वर्षांनी मशिनला हात लावला, हात विसरले नव्हते. दात जवळजवळ नवे आहेत. चाकाला सुताएवढाही ढिलेपणा राहणार नाही.

लांब्याला काय लिहू, समजत नाही. त्याच्या हातात हे पत्र द्या आणि सांगा, मी त्याची माफी मागतो. नीट मागायला समोर येईन.

मुलाला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

तुमचा,
भाऊजी


१५ मार्च

भाऊजी,

परवाना राहिला. आधी हे वाचा, पाणी प्या, मग पुढचं.

डबा दहा तारखेलाच पोचला. धक्क्यावरच्या मिस्त्रीने हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "वहिनी, हा आरशातला आहे." म्हणजे काय, तर सगळं तेच, पण पात्याकडे जाणारी दांडी पलीकडच्या अंगाला. तुमच्या दादांचा डबा ज्या लॉरीचा, तिचा ड्रायव्हर एका बाजूला बसायचा. तुम्ही पाठवलेल्या लॉरीचा दुसऱ्या बाजूला. तुमचा नंबर जुळला तो दिसणाऱ्या अर्ध्या आकड्यांपुरता. हा फरक पुढच्या अर्ध्यात होता! तुम्ही जन्मभर लेथवर, मी जन्मभर पाण्यावर, लॉरीतलं आपल्या दोघांना काय कळणार.

परत पाठवायला वेळ नव्हता. मिस्त्रीने डोकं लढवलं आणि डबा पालथा घालून बसवला. दांडी जागेवर आली, बोल्ट बसले, ढिलेपणा खरंच सुताएवढाही नाही. फक्त चाक उलटं झालं. उजवीकडे फिरवलं की बोट डावीकडे. ते सरळ करायला मधे आणखी एक दांडी बनवावी लागणार, पंधरा दिवसांचं काम. आणि हे कळलं काल सकाळी.

लांब्या डोकं धरून बसला. मी म्हटलं, "ऊठ. चाक उलटं आहे ना? मग मीही उलटी होते." काल अख्खा दिवस बंदरातल्या बंदरात फिरले. पहिल्या तासात दोनदा नांगरलेल्या बोटीवर जाता जाता वाचलो. लोक धक्क्यावर जमून बघत होते, ही बाई आता खरंच गेली म्हणत होते. दुपारी हात वळायला लागले. संध्याकाळी चाकाकडे बघायची गरज उरली नाही.

आज दहाला तपासनीस चढला. उजवीकडे घ्या, घेतली. डावीकडे घ्या, घेतली. मागे घ्या, घेतली. तो माझ्या हातांकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "बाई, तुमचं चाक उलटं आहे." मी म्हटलं, "हो. तुमच्या कागदात लिहिलंय की बोट सांगाल तिकडे वळली पाहिजे. वळते. चाक कुठे वळायला पाहिजे, ते लिहिलेलं नाही." त्याने कागद काढून खरोखर दोनदा वाचला. मग त्याने लिहिलं की दोन महिन्यांत चाक सरळ करायचं आणि तोवर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी धरायचं नाही. मी सही केली.

मला वाटलं, झालं. तर त्याने कोपऱ्यातला रिकामा पिवळा कॅन उचलला आणि मागून पाण्यात टाकला. म्हणाला, "समजा, माणूस पडला."

तो नवा आहे, भाऊजी. त्याला काही माहीत नव्हतं. लांब्याचा चेहरा पांढरा पडला. माझे हात जुन्या सवयीने उजवीकडे निघाले. मी माझ्यावरच ओरडले, "उलटं!" आणि फिरवलं. बोट वळली. कॅन लाटेच्या आड गेला, पुन्हा दिसला, मी नजर हलवली नाही. वारा मागून घेऊन अगदी कडेला नेली. लांब्याने आकड्याची काठी घेतली नाही, पोटावर आडवा होऊन हाताने उचलला आणि छातीशी धरून बसला.

साहेब घड्याळ बघून म्हणाला, "दोन मिनिटांच्या आत. पुरे, छान."

मी म्हटलं, "पुन्हा टाका."

"गरज नाही, बाई, पास आहात."

"साहेब, पुन्हा टाका."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग लांब्याकडे बघितलं, आणि टाकला. तो उचलला. मी पुन्हा टाकायला लावला. तोही उचलला. तिन्ही वेळा उचलला, भाऊजी. मग मी इंजिन बंद केलं आणि चाकावर डोकं ठेवून रडले, अगदी मोठ्याने, परक्या माणसासमोर. तो बिचारा पाठ करून कागद नीट लावत राहिला. लांब्या येऊन शेजारी उभा राहिला, त्याच्या हातात कॅन तसाच होता.

उद्या पहाटे निघतो. मुलाला तुम्ही कळवा. न कळवण्याचं काम दोघांनी मिळून पुरेसं केलंत. त्याला म्हणावं, रजा काढलीच आहेस तर ये, पण मला न्यायला नको. आणि तुम्ही माफी मागायला येणार असाल तर रविवारी या. आम्ही दुपारी धक्क्याला लागतो.

तुमची,
वहिनी